मागाचा धुरळा, पंप, खोकला, धाप: ज्याला जे पक्कं माहीत आहे ते इथं लिहा

धोटा_सोलापूर
काल अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्याच्या दारात कॉम्प्रेसरनं माग झाडणं चाललेलं दिसलं. त्या पांढऱ्या धुरळ्यानं एकदम जुन्या मिलचे दिवस आठवले. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी. कापूसवाल्यांचा जुना आजार म्हणजे बिसिनोसिस, 'मंडे फीव्हर'. नावात ताप असला तरी खरी खूण छातीची. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला काही तासांत छाती आवळते, कोरडा खोकला येतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. काही वर्षांनी मात्र आठवडाभर तेच. कापसाच्या कचऱ्यातल्या जिवाणूंचं विष (एंडोटॉक्सिन) श्वासनळ्या आक्रसवतं. पिंजाई आणि कार्डिंगला (तंतू विंचरायच्या खात्यात) सर्वांत जास्त, मागावर कमी, पण कॉम्प्रेसर मारला की खाली बसलेलं सगळं परत नाकात. डॉक्टरांना "खोकला आहे" एवढंच सांगू नका. काम काय, कोणत्या खात्यात, त्रास कोणत्या वारी, हे सांगा. पाळीच्या आधी आणि नंतर पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरानं बाहेर पडतो ते मोजणारी नळी) फुंकून आकडे लिहून न्या. तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा धरायचा.

कडकभाकरी
रुमाल बांधतात की सगळे.

धोटा_सोलापूर
रुमालानं तंतू अडतात, बारीक धूळ नाही. एन-९५ लागतो. नाकावरची पट्टी दाबून बसवायची. दाढी असली की कडेनं हवा शिरते, मग मास्क असून नसल्यासारखा. आणि झाडण्याऐवजी व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं. मालकाला सांगून बघा, सूत वाया जातं म्हणतील 😀

औषधांच्या_काउंटरवरून
दम्याच्या पंपाबद्दल (इनहेलर) लिहिते, कारण औषध बरोबर आणि ओढणं चुकीचं हेच जास्त दिसतं. पंप हलवा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा (हे बहुतेक जण विसरतात). पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, सावकाश श्वास आत घ्यायला लागा आणि *त्याच वेळी* दाबा. १० सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटानं, परत हलवून. कॅप्सूलवाल्या रोटाहेलरचं उलटं: तिथं जोरात आणि खोल ओढायचं, कारण पूड उडवायची ताकद तुमच्याच श्वासाची. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही येतात!
स्टेरॉइडवाला पंप झाला की चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. पाण्यात तरंगवून पंप संपला का ते बघू नका, त्यावरून काही कळत नाही. २०० पफचा डबा असेल तर सुरू केल्याची तारीख स्केचपेननं त्यावर लिहा.

निवांत_बाळीवेस
काय बे, पंपाची सवय लागते म्हणतात ना?

औषधांच्या_काउंटरवरून
नाही हो दादा. सालब्युटामॉल नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो रोजचा स्टेरॉइडवाला. बरं वाटलं म्हणून लोक रोजचाच बंद करतात आणि मग सालब्युटामॉलवर हात वाढत जातो. त्यालाच 'सवय' म्हणतात.

पाला_आणि_सूप
विड्या वळणाऱ्या बायकांसाठी: तंबाखू चाळायची ती अंगणात, वारा पाठीवर घेऊन. सूप चुलीपासून आणि पाळण्यापासून लांब. हात धुतल्याशिवाय लेकराला घेऊ नये. २ आठवड्यांवर खोकला असेल तर "तंबाखूचा ठसका" म्हणून सोडू नका, थुंकीची तपासणी करा. सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला बेडका द्यायचा; नुसती लाळ दिली तर टीबी असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. साध्या टीबीचा कोर्स ६ महिने. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळं, रक्त नाही ते. घाबरून गोळ्या सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

शेंगाचटणी_प्रेमी
खोकल्यात चटणी बंद का? 😭

पाला_आणि_सूप
खा की निवांत. फक्त मिरची कांडप यंत्राजवळ उभी राहू नकोस.

अंगणवाडी_गल्ली
लहान मुलांचा श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, पूर्ण १ मिनिट, पोट बघून. १५ सेकंद मोजून चौपट करू नका. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते ११ महिने ५०, १ ते ५ वर्षं ४०: एवढे भरले तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल तर लगेच. कापूर चोळू नका, लहानग्यांना झटके येऊ शकतात. वर्षाच्या आत मधही नाही.

निवांत_बाळीवेस
आणि दम्याचा अटॅक आला तर? गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत काय करायचं?

औषधांच्या_काउंटरवरून
आडवं झोपवू नका, ताठ बसवा. सालब्युटामॉलचे ४ पफ स्पेसरमधून (पंपाला लावायचा पोकळ डबा), एकेक करून, प्रत्येकाला ४ श्वास. ४ मिनिटं थांबा. फरक नाही तर परत ४, आणि १०८ ला फोन. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळे दिसले तर वाट न बघता आधी फोन.

कडकभाकरी
स्पेसर नसला तर?

औषधांच्या_काउंटरवरून
अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली. बुडाला पंपाच्या तोंडाएवढंच भोक, पंप बसवून कडेनं चिकटपट्टी, श्वास बाटलीच्या तोंडातून. आधी साबणाच्या पाण्यातून काढून तशीच वाळवायची. फडक्यानं पुसलं की प्लॅस्टिकला विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

शेंगाचटणी_प्रेमी
भोक कशानं पाडायचं? कात्रीनं बाटली फाटली 🙈

धोटा_सोलापूर
जाड तार पंपाच्या तोंडाच्या मापानं वाकवून तापव आणि टेकव. बाहेर बसून कर पण, त्या धुरानं परत खोकशील.