पुराणातली, पण लेखकानं नव्यानं सांगितलेली: तुमची आवडती गोष्ट कोणती?

रामायण-महाभारत हाती घेऊन त्यातून आपलं काही उभं करायची सवय कृष्णाकाठाला जुनी आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत. 'कीचकवध' लिहिणारे खाडिलकर सांगलीचे, 'ययाति'कार खांडेकरांचा जन्म सांगलीचा, गदिमा आटपाडी तालुक्यातले. म्हणून सातारा-सांगलीकरांनाच विचारतेय. अशा कादंबऱ्या, नाटकं, गाणी यांतली तुमची सगळ्यात आवडती गोष्ट कोणती? अख्खं पुस्तक नको. एक माणूस किंवा एक प्रसंग सांगा, आणि तोच का ते सांगा.

सुरुवात मी करते. माझी शर्मिष्ठा. आदिपर्वात ती आपल्या कुळासाठी दासी होते आणि मग बराच वेळ इतरांच्याच गोष्टीत वावरते. 'ययाति'त खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून कथा सांगितली आणि तिला तिचा आवाज दिला. तान्ह्या पूरूला घेऊन ती रात्रीच्या अंधारात बाहेर पडते, ती पानं मी मुलीच्या जन्मानंतर पुन्हा वाचली. राजकन्या, दासी वगैरे सगळं गळून गेलं, एक आई तेवढी राहिली.

कराड, एसटीत वाहक

'मृत्युंजय', शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी. शाळेत पहिल्या दिवशी बाकीच्यांना गुरुजींनी नाव विचारलं. मला आडनाव विचारलं, आणि मग कुठल्या गल्लीत राहतोस ते. त्यामुळे राजपुत्रांच्या शस्त्रविद्येच्या आखाड्यात कृपाचार्य कर्णाला कूळ विचारतात तिथं माझा श्वास अडकतो. पण आवडतो तो त्याच्या पुढचा प्रसंग. अंगदेशाचा राजा म्हणून नुकताच अभिषेक झालाय, केस अजून ओले आहेत, आणि म्हातारा अधिरथ घामाघूम होऊन काठी टेकत येतो. कर्ण सगळ्या सभेसमोर त्याच्यापुढं डोकं नमवतो. भीम लगेच हिणवतो, तरी कर्ण बापाला नाकारत नाही. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी तसाच यार्डात गेलो आणि सगळ्या हमालांसमोर त्यांच्या पाया पडलो. तो प्रसंग डोक्यात होता म्हणूनच.

वाई, संस्कृतच्या शिक्षिका

वरच्या दादांनी निवडलेला प्रसंग मूळ महाभारतातलाच आहे, हे आनंदानं सांगते. उलट सगळ्यांना पाठ असलेलं, स्वयंवरात द्रौपदीचं 'मी सूताला वरणार नाही' हे वाक्य पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीनं (जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या महाभारतानं) मुख्य संहितेत घेतलेलं नाही, ते तळटीपेत गेलं. कर्णावरचं किती लेखन त्या एका वाक्यावर उभं आहे! म्हणून ते लेखन खोटं ठरत नाही. लोकांना ते वाक्य हवंसं वाटलं, हेही महाभारताचंच आयुष्य आहे.

माझी आवड 'कीचकवध', १९०७ सालचं. विराटाच्या दरबारात द्रौपदी दाद मागते आणि धर्मराज तिला धीर धरायला सांगतो. प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. १९१० साली सरकारनं नाटकावर बंदीच घातली. आमच्या वाईला लोक विराटनगरी म्हणतात, पांडवगड तर समोरच दिसतो. इतिहासकार मत्स्यदेश राजस्थानात जयपूर-अलवरकडं दाखवतात आणि ते मला मान्य आहे. पण त्या गडाकडं बघत विराटपर्व शिकवताना मुलं जशी ऐकतात, तशी एरवी ऐकत नाहीत.

विटा

अलका. 'ययाति'तली, दाईची लेक. महाभारतात ती नाहीच, खांडेकरांची आहे. पुस्तक संपलं तेव्हा मला सगळ्यात जास्त तिचीच आठवण येत होती.

आटपाडीजवळचं गाव, शेती

आमच्या आज्जीला लिवता-वाचता येत न्हवतं, पर गीतरामायणातली लई गाणी पाठ. १९५५ ला पुण्याच्या आकाशवाणीवर सुरू झालं, छप्पन्न गाणी, तवा गावात एकाच वाड्यात रेडिओ. बाया अंगणात बसून ऐकायच्या. आज्जीचं गाणं म्हंजी 'मज सांग लक्ष्मणा, जाऊ कुठे'. आजोबा मुंबईला गिरणीत, हितं पाऊस न्हाई, अन् ही पोटुशी असताना एकटी रानात राबायची. गाणं म्हणता म्हणता थांबायची अन् म्हणायची, "लक्षुमनाला तरी कुठं तोंड हुतं बोलाय?" समदे सीतेसाठी रडायचे, ही त्येच्यासाठीबी रडायची. हुकूम दुसऱ्याचा, अन् गंगेपल्याड नेऊन सांगायचं मातुर त्येनं. तवापासनं माझी गोष्ट लक्ष्मणाची.

जत, किराणा दुकान

आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. भैरप्पांचं 'पर्व' (१९७९) आईनं कन्नडमधून वाचलं, मी उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादातून. कादंबरी सुरू होते ती कृष्णापासून नाही की पांडवांपासून नाही, मद्रदेशच्या म्हाताऱ्या शल्यापासून. युद्धाची बोलणी चालू आहेत आणि याच्या घरात नातीच्या लग्नाचा विचार चाललाय. चमत्कार नाहीत, शाप-वरदानं नाहीत, नुसती माणसं. कर्णपर्वात शल्य म्हणजे कर्णाला टोचून बोलणारा सारथी, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्याकडं लग्नाची बोलणी सुरू झाली की आईला आणि मला हटकून शल्यच आठवतो. मग ती कन्नडमधला तिचा भाग सांगते, मी मराठीतला माझा, आणि जेवणं लांबतात.

आता पुन्हा मी, सुरुवात करणारी. माझी एक विनंती. लक्ष्मण आला, तर त्याची बायको ऊर्मिलाही यायला हवी. आणि मांडवी, श्रुतकीर्ती? मांडवीचा नवरा भरत तर अयोध्येजवळच, नंदिग्रामात जटा वाढवून राहिलेला. तिची ती चौदा वर्षं कुणी मराठीत कथेत, नाटकात, निदान ओवीत तरी मांडली असतील, तर नाव कळवा. मला वाचायची आहेत.