मदत हवी आहे: ग्राहकाला कॉल रूटिंग स्वतःच बदलता यावं, पण सिस्टिम मोडू नये

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात छोट्या व्यवसायांना टेलिफोन सिस्टिम बसवून देतो. प्रत्येकाच्या जागेत त्यांचीच पीआरआय लाइन (एका वेळी तीस कॉल, म्हणजे तीस चॅनेल) आणि अ‍ॅस्टरिस्कवर चालणारं फ्रीपीबीएक्स, म्हणजे कुठला कॉल कुठे जायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर. "आज लवकर बंद करतोय, फोन माझ्या मोबाइलवर टाका", "रिसेप्शनवर कोणी नाही, आतल्या टेबलावर वळवा" असे दिवसाला पाच-सात निरोप येतात. काम दोन मिनिटांचं, पण ते करायला मी जागेवर असावं लागतं.

गेल्या अनंत चतुर्दशीला मी नव्हतो. एका प्रसूतिगृहाचं रिसेप्शन मिरवणुकीमुळे दुपारीच रिकामं झालं. डॉक्टरबाई मला फोन लावत राहिल्या आणि गर्दीत माझं नेटवर्क गेलेलं. दोन तास रिकाम्या टेबलावर घंटी वाजत होती. कोणाचं वाईट झालं नाही, पण ते मनातून जात नाही.

टाइम कंडिशन लावलेल्या आहेत, पण त्या ठरलेल्या वेळांसाठी. कॉल फ्लो कंट्रोलचा (कॉल दिवसाच्या ठिकाणी जायचे की रात्रीच्या, ते बदलणारं बटण) *२८० कोडही दिलाय, पण तो आतल्या फोनवरूनच चालतो, आणि अडचण नेमकी आत कोणी नसतानाच येते. अ‍ॅडमिन पॅनेलचं मर्यादित लॉगिन एका ग्राहकाला देऊन पाहिलं. मॉड्यूल उघडं केलं की त्यातल्या सगळ्याच नोंदी हाताला लागतात. तिसऱ्या दिवशी त्यांची रात्रीची टाइम कंडिशनच उडाली.

तुम्ही ग्राहकाच्या हातात नेमकं किती देता?

प्रतिसाद १
पॅनेल देऊच नका. एक जादा डीआयडी (बाहेरून थेट लागणारा) नंबर ठेवा. मिसलेनियस डेस्टिनेशनमध्ये (कॉल पाठवायचं ठिकाण म्हणून नंबर किंवा कोड भरायची सोय) *२८० घाला आणि त्या नंबरचा इनबाउंड रूट, म्हणजे येणाऱ्या कॉलचा मार्ग, तिकडे वळवा. कॉल फ्लो कंट्रोलला पासवर्ड नक्की लावा, नुसत्या कॉलर आयडीवर विसंबू नका, तो बनावट करता येतो. डॉक्टरबाई कुठूनही फोन करून दिवस-रात्र बदलतील.

मोबाइलवर वळवलेला कॉल दोन चॅनेल अडवतो, एक येणारा आणि एक जाणारा. कोणी चुकून स्वतःच्याच पायलट (मुख्य) नंबरवर वळवलं, तर कॉल फिरत राहून तीसच्या तीस चॅनेल भरतात. म्हणून कुठे वळवायचं ते नंबर तुम्हीच आधी भरून ठेवा, ग्राहकाने त्यातला फक्त निवडायचा. वळवलेल्या कॉलला आयएसडी बंदच हवं, नाहीतर पासवर्ड फुटला त्या रात्री बिल लाखात जाईल.

धागाकर्ता
मिसलेनियस डेस्टिनेशन डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. एक राहिलं: डॉक्टरबाईंना नंबर फिरवल्यावर आत्ता दिवस लागलाय की रात्र, हे मराठीत ऐकू यायला हवं. कोडच्या दोन्ही स्थितींना आपलं रेकॉर्डिंग जोडता येतं ना? उद्या त्यांच्याच आवाजात करून घेतो.