भूमिका न सोडता दार उघडं ठेवता येतं

"जे पाप वाटतं त्याला पाप न म्हणता प्रेम करणं म्हणजे श्रद्धेशी बेइमानी," असं घरातल्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसाला स्वीकारण्याबद्दलच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मी रोज प्रार्थना करणारी बाई आहे, ही घालमेल मला चांगली ठाऊक आहे. पण श्रद्धा आणि माणूस यांतलं एकच निवडावं लागतं, हे मला पटत नाही.

कॅथलिक चर्चचं केंद्र असलेल्या व्हॅटिकनचंच बघा. २०२३ मध्ये तिथल्या धर्मसिद्धान्त विभागाने सांगितलं की पारलिंगी व्यक्तींना, काही अटींवर, बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) घेता येतो. त्याच विभागाने २०२४ मध्ये लिंगबदलाला विरोध करणारा दस्तऐवजही काढला. इराणमध्ये तर धर्मगुरू खोमेनींच्या फतव्यामुळे लिंगबदल शस्त्रक्रियेला धार्मिक मान्यता आहे आणि समलिंगी संबंधांना मात्र कठोर शिक्षा. म्हणजे 'धर्म असंच सांगतो' हे वाक्य वाटतं तितकं सरळ नाही.

माझा भाचा आता भाची आहे. पहिलं वर्षभर मी तिला मुद्दाम जुन्या नावानेच हाक मारायचे. तत्त्वाचा प्रश्न वाटायचा तेव्हा. तिने येणंच बंद केलं. बहिणीचा पडलेला चेहरा बघवेना, तेव्हा एकदा फोनवर भाचीचं नवं नाव घेतलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "मावशी, रविवारी येऊ का?"

देवाधर्मावरून आमचं अजूनही वाजतं, कधी कधी जोरात. मी प्रार्थनेला बसले की ती बाहेरच्या खोलीत थांबते, आणि माझं झालं की आत येते.