घरचं पोर आणि दुभाषी
दवाखान्यात, कोर्टात तिथली भाषा न येणाऱ्या माणसासाठी घरातलं शिकलेलं पोर फुकटात भाषांतर करतं, मग पगारी दुभाषी कशाला, असं इथे एकांनी विचारलंय. आईला अंगावरून जातंय, डॉक्टर विचारतायत, आणि मध्ये बारा वर्षांचा मुलगा. ती काय बोलणार, तो काय सांगणार? ऑस्ट्रेलियात सरकारने फोनवरची दुभाष्यांची सेवा १९७३ सालीच सुरू केली, ती उगाच नाही.

अशी सेवा सामाजिक उद्योग म्हणून, म्हणजे नफ्यासाठी नाही तर लोकांच्या गरजेसाठी पण स्वतःच्या कमाईवर, चालवायची तर रुग्णालयं, न्यायालयं पैसे देतात आणि त्यातून गरजूंचं भागतं, इथवर ठीक. खरी गोम वेळेची आहे. भेट पंधरा मिनिटांची, पण जाण्यायेण्यात आणि ताटकळण्यात अर्धा दिवस जातो. तो दुभाष्याच्याच माथी मारला की चांगली माणसं टिकत नाहीत. ऐनवेळी रद्द झालेल्या भेटीचे पैसेही करारात आधीच लिहून घ्यावेत; तिथे भिडेखातर गप्प बसू नये.