बाँड घ्यावा, पण मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवू नयेत

भोसरीतील एचआर: आमच्या भागात आयटीआय झालेल्या मुलांना व्हीएमसी मशीनचे (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राचे) प्रोग्रॅमिंग शिकवले की ती चाकणच्या मोठ्या कारखान्यांत निघून जातात. म्हणून अनेक मालक रुजू होतानाच बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, लिहून घेतात आणि मूळ गुणपत्रिकाही कपाटात ठेवतात. बाँडला माझी हरकत नाही. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली आहे. मात्र कागदपत्रे अडकवणे आणि शेवटचा पगार रोखणे ताबडतोब थांबले पाहिजे.

लघुउद्योजक: हे मोठ्या कंपन्यांना परवडते. नवशिक्याने एक ऑफसेट (टूलच्या लांबीचा किंवा जागेचा आकडा) चुकीचा टाकला की टूल थेट जॉबमध्ये (घडवायच्या तुकड्यात) घुसते आणि स्पिंडलच्या (टूल फिरवणाऱ्या दांड्याच्या) दुरुस्तीपर्यंतचा सगळा खर्च मालकावर येतो. एवढे सोसून तयार केलेला मुलगा न सांगता गेला, तर 18 माणसांचे वर्कशॉप सोडून मी शिवाजीनगरच्या न्यायालयात तारखांना जायचे का? गुणपत्रिका माझ्याकडे असली, तर तो निदान सांगून तरी जातो.

भोसरीतील एचआर: आपले नुकसान खरे आहे, पण त्याची भरपाई मागण्याचा मार्ग हा नव्हे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार बाँडमध्ये लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी तेवढीच रक्कम देते. त्यामुळे प्रशिक्षणाची फी किती भरली आणि उत्पादन न घेता किती दिवस पगार दिला, याची नोंद ठेवणारा मालकच दावा टिकवू शकतो. पगाराबाबत तर संदिग्धताच नाही. वेतन संहिता, 2019 प्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत देणे चुकते करावे लागते. कोणत्या कपाती चालतात तेही संहितेत ठरवून दिले आहे आणि एकूण कपात 50 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही.

कामगारांचा वकील: मला दोघांचेही म्हणणे मान्य नाही. विजया बँकेतील कर्मचारी वरिष्ठ व्यवस्थापक होता, आणि सार्वजनिक बँकेला खुल्या भरतीची खर्चिक प्रक्रिया पुन्हा राबवावी लागते, हा मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला होता. पहिल्याच नोकरीला लागणारा मुलगा समोर येईल त्या कागदावर सही करतो. त्याच्या बाबतीत त्या निकालाचा आधार घेताना फार जपून राहावे.

भोसरीतील एचआर: हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच बाँड मराठीत असावा, त्याची प्रत मुलाला द्यावी आणि जितके महिने काम झाले त्या प्रमाणात रक्कम कमी होत जावी.

लघुउद्योजक: गुणपत्रिका मी परत देईन आणि रक्कम कमी करत नेण्याची अटही घालीन. पण चाकणच्या कंपनीची बस आणि कॅन्टीन माझ्या वर्कशॉपला कधीच देता येणार नाही, आणि त्यावर तुम्ही दोघांनीही काही सुचवलेले नाही.