वेस्टचा कॅन फुगला, पण तपासणीत सगळं 'ठीक' होतं

प्रश्न
आमच्या लॅबमध्ये घातक वेस्ट ठेवायच्या जागेची दर आठवड्याला तपासणी होते. तरी नायट्रिक ॲसिडच्या वेस्टचा प्लास्टिकचा कॅन फुगलेला सापडला. लेबल होतं, तारीख होती, झाकणही घट्ट होतं. मग सुटलं काय? आणि असा कॅन दिसला तर करायचं काय?

उत्तर १
झाकण घट्ट होतं, तिथेच घोटाळा झाला. नायट्रिकमध्ये ॲसिटोन, अल्कोहोल असं काही गेलं की वायू सुटतो. कधी कधी सुरुवातीला काहीच दिसत नाही, अभिक्रिया काही तासांनी जोर धरते, आणि तोवर लॅब बंद झालेली असते. ॲसिटोनसारख्या सॉल्व्हंटची रिकामी बाटली न धुता वेस्टला वापरली, तर तळाशी राहिलेलं थोडंसंही पुरतं. म्हणून नव्या लेबलाखालचं जुनं लेबल वाचा. तपासणीच्या तक्त्यात हा रकाना सहसा नसतोच. नायट्रिकच्या वेस्टला, किंवा सल्फ्युरिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाला, व्हेंटचं, म्हणजे वायू बाहेर जाऊ देणारं झाकण लागतं. साध्या सॉल्व्हंटचा कॅन मात्र बंदच हवा.

फुगलेल्या कॅनला हात लावू नका. झाकण सैल करून वायू सोडायला तर मुळीच जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा, सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा.

उत्तर २
बाकी तपासणीबद्दल. प्रत्येक झाकण हाताने फिरवून बघा, घट्ट आहे का ते नुसतं बघून कळत नाही. नरसाळं खोचून ठेवलेला कॅन उघडाच समजायचा. वर साधारण १० टक्के जागा रिकामी हवी, उष्णतेने द्रव फुगतो. कॅनखालच्या ट्रेमध्ये सर्वांत मोठ्या कॅनच्या ११० टक्के तरी मावायला हवं. कॅनच्या मागे टॉर्च मारा. गळती बहुधा भिंतीकडच्या बाजूला लपते. ओल दिसली तर हातमोजे घालून पीएच पट्टी लावा.

ॲसिड आणि ब्लीच एका ट्रेमध्ये नको, दोन्ही गळले तर क्लोरीन तयार होतो. सायनाइड ॲसिडपासून लांब. हायड्रोफ्लुओरिक काचेत नको, ते काच खातं. आणि नुसतं 'ऑरगॅनिक वेस्ट' हे लेबल चालवून घेऊ नका. आत क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन असेल आणि कुणी त्यात अल्कली ओतली, तर स्फोट होऊ शकतो. पूर्ण नावं, अंदाजे टक्केवारी, भरायला सुरुवात केल्याची तारीख एवढं हवंच.

उत्तर ३
उत्तर २ मधल्या 'प्रत्येक झाकण'ला हरकत आहे. डायइथाइल ईथर किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटची जुनी बाटली असेल आणि झाकणापाशी पांढरे स्फटिक दिसले, तर ती फिरवायची नाही. ते पेरॉक्साइड असू शकतात आणि आट्यांमधल्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. सुकलेल्या पिक्रिक ॲसिडचंही तेच. म्हणून आधी लेबल आणि तारीख, मग झाकण. हा क्रम तक्त्यातच छापून घ्या.

उत्तर २
बरोबर. 'लेबल वाचल्यावरच झाकण' असं वाचावं.