प्रति: सगळं ‘स्वयम’वर फुकट आहे तर कॉलेजची फी कशाला

‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सेसच्या पोर्टलवर सगळं फुकट आहे तर कॉलेज कशाला, हा वरचा मुद्दा अर्धा पटला. आमची लेक कोपरखैरण्यात घरी बसून स्वयममधल्याच एनपीटीईएलवर आयआयटीच्या सरांची लेक्चर्स बघते, दीडपट स्पीडने, नाही कळलं की मागे जाऊन परत, हे वर्गात कोण करू देणार? शिवाय यूजीसीने (विद्यापीठांवर देखरेख करणारा आयोग) २०२१ पासून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स, म्हणजे डिग्रीत धरले जाणारे गुणांक, स्वयममधून घ्यायला परवानगी दिलीये, म्हणजे नुसता टाइमपास नाही.

पण पुरं किती जण करतात? एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये आला होता, त्यात २०१७-१८ ला नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला, पैसे भरून सर्टिफिकेटच्या मागे असलेल्यांत मात्र ४६ टक्के. (आता पैसे भरणारा मुळातच सिरीयस असणार हे आलंच.)

मला विचाराल तर व्हिडिओ घरी आणि वर्गात गणितं, शंका, भांडणं, हे बरं. फक्त सरांनी वर्गात परत तोच व्हिडिओ प्रोजेक्टरवर लावून स्वतः मोबाईल बघत बसू नये, आमच्याकडे चाललंय तसं. लॅबचं तर बोलूच नका, सिम्युलेशनमध्ये सोल्डरिंग करताना बोट भाजत नाही आणि म्हणून हातही बसत नाही. आणि वन रूम किचनमध्ये दोन पोरांत एक फोन असेल तर लाइव्ह लेक्चर कोणी बघायचं?

बाय द वे, ठाणे-नवी मुंबईत कोणाच्या मुलांचे स्वयमचे क्रेडिट्स मार्कशीटवर खरंच आलेत का? प्रोसेस सांगा, आमचं कॉलेज नुसतं ‘बघतो’ म्हणतंय.